गाठ उपाशी राहत नाही, रुग्ण खंगतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्करोगाच्या रुग्णाचे डाळ, दूध, अंडी बंद करून गाठीची उपासमार करावी, असा सल्ला हल्ली पुण्यात सर्रास कानावर पडतो. पेशीतील ल्युसीनची (प्रथिने ज्या अमिनो आम्लांपासून बनतात त्यांपैकी एक) चाहूल सेस्ट्रिन-२ हे प्रथिन घेते आणि ल्युसीन पुरेसे असले, की लायसोसोम या पेशीतील पचनपिशवीच्या पृष्ठभागावर एमटॉर हे वाढीचे नियंत्रण करणारे प्रथिनांचे संकुल जागे होऊन वाढीला मुभा देते, हे खरे. पण ताटातले प्रथिन तोडले, तर शरीर स्नायू झिजवून रक्तातील अमिनो आम्लांची तूट भरून काढते. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात ॲस्परॅजिनेज हे औषध रक्तातील ॲस्परॅजिन हे अमिनो आम्ल नष्ट करते आणि ते स्वतः पुरेसे बनवू न शकणाऱ्या पेशी मरतात. हे साधते ते इंजेक्शनने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. अशा (फुकटच्या!) सल्ल्यांची शहानिशा आपण तज्ज्ञांकडून छापावी, ही विनंती.

— एक वाचक, कोथरूड, पुणे