भुऱ्याच्या पाण्याचं माप

आदरणीय डॉक्टरताई,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात टोपलीत पिल्लू घेऊन तुमच्या दवाखान्यात आलेला यावलकडचा केळीवाला तुम्हाला आठवत असेल. ते आमचं कुत्र्याचं पिल्लू, भुऱ्या, साडेतीन महिन्यांचं, वजन 5 किलो. त्या दिवशी घाईत आभार मानायचे राहिले. आमच्या भागात घरोघरी पिल्लं आहेत, म्हणून आज चारचौघांत लिहितोय.

भुऱ्याचं भांडं भरलं की रिकामं व्हायचं. आई म्हणायची, "ऊन केवढं तापतंय, पिणारच." पारा 45 च्या आसपास, त्यामुळे मलाही पटलं. त्यातच दूध-भाकरी सोडून त्याला कोरडा पॅकेटचा खाऊ सुरू केला होता. पण तो घरभर मुतायला लागला, झोपेत गोणपाट ओलं करायला लागला, तेव्हा मी दिवेलागणीनंतर भांडं उचलून ठेवू लागलो. चौथ्या रात्री जाग आली. पाहतो तर भुऱ्या तिवईला पुढचे पाय टेकवून माठाला पाझरलेलं पाणी चाटत होता. तो चटचट आवाज अजून कानात आहे.

हे ऐकून तुम्ही रागावला नाहीत. एवढंच म्हणालात, "आधी भांडं परत ठेवा. लघवीवाटे पाणी जातच राहिलं आणि वरून मिळालं नाही, तर पिल्लू लवकर सुकतं." मग त्याच्या हिरड्यांवर बोट टेकवून ओल पाहिलीत, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडलीत. ती किती पटकन बसते ते मलाही करून पाहायला लावलंत.

आणि माप घ्यायला शिकवलंत. सकाळी मोजून पाणी ओतायचं, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजायचं. शेजारी तसंच दुसरं भांडं जाळीखाली ठेवायचं, म्हणजे उन्हाने किती उडालं ते कळतं. ही युक्ती मला फार आवडली. आमच्या उन्हात त्याशिवाय हिशेब खराच होत नाही. उडालेलं वजा करून भुऱ्याचं पाणी 900 मिली निघालं. किलोमागे दिवसाला साधारण 50 ते 60 मिली पुरतं, पिल्लं आणि उन्हाळा म्हणून थोडं जास्त धरू, पण 100 च्या वर गेलं की कारण शोधायचंच, हे तुमचे शब्द मी केळीच्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवलेत.

सकाळची पहिली लघवी स्वच्छ बाटलीत आणायला सांगितलीत. साखर नव्हती, जंतूंची लागण नव्हती, नुसती पाण्यासारखी पातळ. "काही औषध चालू आहे का?" तुम्ही तिसऱ्यांदा विचारलंत तेव्हा मी खिशातली पट्टी काढली. खाजेसाठी एका दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, महिनाभर रोज चालू होत्या. खाजेच्या गोळीचा तहानेशी संबंध असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. या गोळीने लघवी वाढते आणि तहानही वाढते, हे तुम्ही समजावलंत. महिनाभर दिलेली गोळी एकदम तोडायची नाही म्हणून मात्रा हळूहळू कशी उतरवायची, ते तारखांसकट लिहून दिलंत. खाजेचं मूळ पिसवा निघाल्या, त्यांचं औषध वेगळं दिलंत.

गोळ्या संपल्यावर आठवड्याने पुन्हा मोजलं, 380 मिली. गोणपाट कोरडं.

आता रात्रभर ओट्यावर भांडं भरलेलं असतं. सकाळी उरलेलं पाणी आई मोजून मला सांगते आणि मग तुळशीला घालते.

आपला ऋणी,
भुऱ्याच्या घरचा, यावल तालुका