भंगारात देण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी रामबागेत सव्वीस वर्षं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून पानं लावण्याचं, काम करते. लग्नपत्रिका, मुंजीची निमंत्रणं, गणेशोत्सवाच्या स्मरणिका, सगळं एकाच विंडोज एक्सपीच्या मशीनवर, पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये. दिवाळीच्या तोंडावर त्याचा मदरबोर्ड गेला. दुरुस्तीवाले म्हणाले, "ताई, नवीन घ्या, जुन्याचा नाद सोडा." पण त्यात एका मंडळाच्या अठरा वर्षांच्या स्मरणिका होत्या. त्यातले कितीतरी लेखक आज हयात नाहीत आणि त्यांची हस्तलिखितंही कुणी जपलेली नाहीत.

फाइली नुसत्या कॉपी करून भागत नाही. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची आजची सामायिक पद्धत, येण्याआधीचे फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवत. तो फॉन्ट नसला की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो.

म्हणून भाच्याला बसवून लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर ते अख्खं मशीनच सॉफ्टवेअरच्या रूपात पुन्हा उभं केलं. 40 जीबीच्या डिस्कची लिनक्सच्या 'डीडी' या कमांडने जशीच्या तशी प्रत काढायला पाऊण तास लागला. आधी व्हर्च्युअलबॉक्स टाकलं, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर. त्याचा एक भाग (मॉड्यूल) आपल्या कर्नलसाठी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासाठी, बिल्ड व्हावा लागतो, आणि त्याला लागणाऱ्या कर्नलच्या हेडर फाइलीच आमच्याकडे नव्हत्या. मग तेच काम करणाऱ्या केव्हीएमकडे वळलो. ते 2007 पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे. तेही सुरू होईना, कारण बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन (आत दुसरं मशीन चालवायची सोय) बंद होतं. ते चालू केलं, तर एक्सपी उघडता उघडता ब्लू स्क्रीन, म्हणजे विंडोज बंद पडल्याचा निळा पडदा. दोन रात्री त्यातच गेल्या. शेवटी आतल्या मशीनसाठी क्यू35 हा नवा चिपसेट (मदरबोर्डचा नमुना) सोडून जुना आय440एफएक्स निवडला, डिस्क आयडीई या जुन्या जोडणीची ठेवली, फॉन्टचं यूएसबी लॉक (फॉन्ट चालायला लागणारी, यूएसबीला लावायची किल्ली) त्या मशीनला जोडून दिलं आणि 2003 ची स्मरणिका उघडली. श्रद्धांजलीच्या पानाची काळी चौकट, त्या फॉन्टचा तो जाड गाठीचा 'ळ', सगळं जागच्या जागी. मला रडूच आलं.

एक्सपीला 8 एप्रिल 2014 नंतर नियमित सुरक्षा अपडेट मिळत नाहीत, म्हणून त्या मशीनचं इंटरनेट आम्ही तोडून ठेवलं आहे.

इंदूरच्या मराठी मंडळांना, ग्रंथालयांना आणि छापखान्यांना माझी कळकळीची विनंती आहे. जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला देण्याआधी त्यातली हार्ड डिस्क काढून घ्या, तिची पूर्ण प्रत काढा आणि फॉन्टचं लॉकही त्याच डब्यात ठेवा. डिस्क एकदा फॉरमॅट होऊन तिच्यावर नवं काही लिहिलं गेलं की पुढे कुणाच्याच हातात काही राहत नाही.

आपली,
एक डीटीपी ऑपरेटर,
रामबाग, इंदूर