दिसलं म्हणजे ओळखलं का?

संपादक महोदय,

'प्रचंड' या लढाऊ हेलिकॉप्टरच्या बातम्या मी आवर्जून वाचतो. १५६ हेलिकॉप्टर, ६२,७०० कोटींचा करार, २० मिलिमीटरची तोफ असं सगळं त्यांत येतं. आत बसणाऱ्या दोघांच्या डोळ्यांबद्दल मात्र एक ओळ सापडत नाही.

तोफखान्यात असताना एका सरावात मला चेतक हेलिकॉप्टरमधून वर जायला मिळालं. काम एकच, रेंजच्या कडेला उभा केलेला ट्रक हुडकायचा. धूळ, उतरतं ऊन, सीटची थरथर. "क्या है?" साहेबांनी विचारलं. "ट्रक है साहब," मी ठोकून दिलं. आणखी जवळ गेलो तर कडब्याने खच्चून भरलेली बैलगाडी! ट्रक शोधायला सांगितला होता, म्हणून मला ट्रक दिसला. पुढे वर्षभर बराकीत माझं नाव 'कडबा' होतं.

माझ्यावर नुसतं हसण्यावारी निभावलं. बगदादमध्ये १२ जुलै २००७ रोजी अमेरिकी अपाचे हेलिकॉप्टरच्या वैमानिकांना भिंतीच्या कोपऱ्याआडून डोकावणारी लांबट वस्तू रॉकेट लाँचर वाटली. ती कॅमेऱ्याची लेन्स होती. रॉयटर्स वृत्तसंस्थेचे नमीर नूर-एल्दीन आणि सईद च्मघ त्या माऱ्यात गेले. घोळक्यातल्या काहींकडे हत्यारं होती, असं लष्करी चौकशीत नोंदलं आहे. माझा मुद्दा तोच आहे. एकदा हत्यार दिसलं की पुढची प्रत्येक लांब वस्तू हत्यारच वाटू लागते. कॅमेरा कितीही भारी बसवा, पडद्यावरच्या ठिपक्याला नाव माणूसच देतो.

लडाखात तर आणखी पंचाईत. झाड नाही, घर नाही, मग समोरचा दगड हातभर की बंगल्याएवढा, हे ताडायचं कशावरून? विरळ हवेत रात्रीची नजर सगळ्यांत आधी मंदावते. डोळा अंधाराला पुरता सरावायला अर्धा तास लागतो. अंधारात दिसण्यासाठीचा नाइट व्हिजन गॉगल लावला की साधारण चाळीस अंशांचाच तुकडा दिसतो, बाकीच्यासाठी मान फिरवत राहायची.

सैन्याची हवाई प्रशिक्षण शाळा नाशिकलाच, गांधीनगरला आहे. आपल्या वार्ताहराने तिथे जाऊन एकदा विचारावं, गोळी झाडायच्या सरावाला किती तास देता आणि समोरचं नेमकं काय आहे हे ओळखायच्या सरावाला किती?

आपला,
एक निवृत्त तोफची, देवळाली कॅम्प