शेततळी पावसाने भरावीत, बोअरने नव्हे

उन्हाळा तोंडावर आला की टँकरच्या बातम्या सुरू होतात. शेततळ्यांतून उडून जाणाऱ्या पाण्याची बातमी मात्र होत नाही.

राज्यात २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली. कल्पना चांगलीच होती: पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवायचे आणि पावसाने ओढ दिली की पिकाला द्यायचे. आमच्या सिन्नर भागात मात्र चारही बाजूंनी उंच बांध, आत अंथरलेला प्लास्टिकचा कागद आणि काठावरून सोडलेला बोअरचा पाइप, अशीच तळी जागोजाग दिसतात. बांध इतका उंच, की ओढ्याचे पाणी आत शिरणार कुठून? जमिनीखाली झाकून राहिलेले पाणी वीज जाळून वर आणायचे आणि एप्रिल-मेच्या उन्हात त्याची वाफ होऊ द्यायची, हा उफराटा कारभार आहे. काळ्या पाषाणाच्या भेगांत मुळात साठा बेताचा. ज्याचा बोअर खोल त्याचे तळे भरते, शेजाऱ्याची विहीर आटते.

डाळिंब-द्राक्षवाल्यांना दोष देऊन उपयोग नाही; लाखोंचे कर्ज काढून लावलेली बाग ते कशी जळू देतील? पण २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत, आणि आमच्याकडे बोअरची गाडी रात्रभर घरघरत असते! निदान अनुदान देताना तळे कशाने भरणार, हे कृषी खात्याने बांधावर जाऊन पाहावे. पावसाचे पाणी आत यायला वाटच नसेल, तर त्या तळ्याला सरकारी पैसा कशासाठी?

– एक वाचक, सिन्नर (जि. नाशिक)