पन्नास तासांनंतरचा ट्रॅक्टर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. "ट्रॅक्टर घेऊन तीन महिने झाले तरी तुझी एक ओळ नाही" ही तुझी तक्रार खरी आहे. पण मी मुद्दामच थांबलो होतो. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर तुला नुसतं कौतुक वाचायला मिळालं असतं, आणि विसाव्या तासाला लिहिलं असतं तर नुसती निराशा. परवा मीटरवर ६८ तास झाले. पहिली सर्व्हिस झाली, ऑइल बदललं, इंजिन मोकळं झालं. आता जे लिहीन त्यावर तू विसंबायला हरकत नाही.

आधी ते पहिले पन्नास तास, कारण तिथेच माझी एक चूक झाली आणि ती तुझ्याकडून होऊ नये. पुस्तिकेत लिहिलं होतं की सुरुवातीचे ५० तास सतत जड काम देऊ नका, पूर्ण रेसवर राबवू नका. मी त्याचा अर्थ असा लावला की यंत्राला जितकं जपावं तितकं चांगलं. पहिले सहा-सात तास कमी रेसवर, रिकामी ट्रॉली घेऊन फिरवला. उभा असला की इंजिन तसंच हळू चालू ठेवायचो. एका जुन्या मेकॅनिकने ते पाहिलं आणि म्हणाला, "दमवू नका, पण लाडावूही नका." मग त्याने कारण समजावून सांगितलं. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यातच आडव्यातिडव्या बारीक रेघा ओढलेल्या असतात. त्या रेघांत ऑइल टिकून राहतं, आणि त्यांच्यावर घासूनच पिस्टनच्या रिंगा आपापली जागा करून घेतात. रिंग भिंतीला घट्ट दाबली जाते ती जळत्या वायूच्या दाबाने. कामच दिलं नाही तर तो दाब कमी पडतो, रिंगा नीट बसत नाहीत, भिंतीवर जळक्या ऑइलचा गुळगुळीत थर चढतो, आणि मग ते इंजिन कायमचं ऑइल खायला लागतं.

त्या दिवसापासून पद्धत बदलली. इंजिन दोन-चार मिनिटं गरम करायचं, मग कामाला लावायचं. माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर दोन इंचच खोल. थोडा वेळ मध्यम लोड, मग एक फेरी हलकी, पुन्हा लोड. रेस एकाच जागी अडकवून ठेवायची नाही. काम संपलं की जरा शांत चालवून बंद. उगाच चालू सोडून गप्पा मारत बसायचं नाही.

खरं सांगतो, त्या काळात मन खट्टू झालं होतं. इंजिन २४ एचपीचं, पण जरा भारी जमीन लागली की आवाज जड व्हायचा, रेस खाली यायची. उतरलो की वाटायचं, एक आकडा मोठा घ्यायला हवा होता. डिपस्टिकवर ऑइलही थोडं थोडं उतरत होतं, त्याची वेगळी काळजी. तीस-पस्तीस तासांच्या आसपास फरक जाणवायला लागला. आधी आवाज बदलला. सुरुवातीला त्यात एक कोरडी खडखड होती, ती गेली आणि एकसारखी घुमी लय आली. सकाळी पहिल्या अर्ध्या फिरकीत चालू व्हायला लागला. ऑइल उतरायचं थांबलं, ते आजपर्यंत त्याच खुणेवर आहे. आणि ज्या तुकड्यात दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकायचा तिथे तिसऱ्यात चालला. यंत्र तेच आणि जमीन तीच. तू घेशील तेव्हा पस्तीस तासांच्या आत त्याच्या ताकदीबद्दल मत बनवू नकोस.

पन्नासाव्या तासाच्या सर्व्हिसला मी मुद्दाम शेजारी उभा राहिलो. गरम इंजिनचं ऑइल खाली पातेल्यात सोडलं. काळं तर ते होणारच, डिझेलची काजळी असते. पण दोन बोटांत चोळून उन्हात धरलं तेव्हा त्यात अभ्रकासारखी बारीक चमक दिसली. नव्या गिअरांच्या, बेअरिंगांच्या, रिंगांच्या कडा घासून निघालेला तो धातू. हे आतच फिरत राहिलं तर पुढे काय करेल, हे त्या बोटांकडे बघूनच कळत होतं. म्हणून पहिलं ऑइल लवकर काढायचं.

मेकॅनिक म्हणाला, हायड्रोलिकचा फिल्टर पुढच्या वेळी बघू. मी ऐकलं नाही, तूही ऐकू नकोस. आपल्या या लहान ट्रॅक्टरांत बहुतेक वेळा गिअरबॉक्स आणि अवजार उचलणारी लिफ्ट यांचं ऑइल एकच असतं. गिअर झिजून जे निघतं ते थेट लिफ्टच्या पंपाकडे जातं, मध्ये आडवा असतो तो फक्त हा फिल्टर. आतलं चुंबक बाहेर काढलं तर त्यावर करडी, मऊ, ओल्या लोकरीसारखी लव चढलेली. पहिल्या वेळी अशी लव असणं ठीकच असतं. टोकदार तुकडा किंवा किसासारखी कड असलेला कण निघाला तर मात्र थांबायचं आणि आत बघायचं. माझ्यात तसं काही नव्हतं. चुंबक पुसून परत बसवलं तेव्हा मनावरचं ओझं उतरलं.

चाकांचे नट मात्र रोज सकाळी तू स्वतः आवळून बघ, निदान पहिले वीस तास. रिमवरचा रंग दाबला जातो आणि नट आपोआप सैल पडतो. माझ्या उजव्या मागच्या चाकाचे दोन नट चौथ्या दिवशी पान्याने पाव फेरी फिरले. बाहेरून बघून काही कळत नव्हतं.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते सांगतो. इंजिन मोकळं झाल्यावर मी पाच फणी कल्टिव्हेटर जोडला आणि वाफसा बघून घातला. आवाज जड होईना, रेस पडेना, पण ट्रॅक्टर पुढे सरकताना अडखळत होता. मागे वळून पाहिलं तर टायरची नक्षी मातीत उमटतच नव्हती, नुसती खरवडलेली माती. म्हणजे ताकद होती, पण ती जमिनीत उतरत नव्हती.

मग मी मोजलं. हे तू तुझ्या जुन्या ट्रॅक्टरवर आजही करू शकतोस. मागच्या टायरवर खडूने एक ठळक खूण केली. कल्टिव्हेटर उचलून, त्याच जमिनीवर, चाकाच्या बरोबर दहा फेऱ्या होईपर्यंत चालवलं आणि सुरुवातीला व शेवटी खुंटी ठोकली. मग तेवढ्याच अंतरात फण जमिनीत घालून फेऱ्या मोजल्या. साडेबारा झाल्या. अडीच फेऱ्या चाक नुसतं जागीच फिरलं, म्हणजे शंभरात वीस. तेवढं डिझेल आणि तेवढं रबर वाया. शेतात दहा-पंधरा टक्क्यांपर्यंतची घसर चालते. अजिबात घसर नसणंही बरं नाही, तेव्हा वजन उगाच जास्त वाहत असतो आपण आणि जमीन दाबत असतो.

मागच्या टायरमध्ये पाणी भरलं. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला घेऊन त्याच्या पातळीपर्यंत भरलं की टायर सुमारे पाऊण भरतो, वर उरलेल्या जागेत हवा. त्याखेरीज दुसरी गोष्ट केली, तोवर हात न लावलेला ड्राफ्टचा लिव्हर वापरायला लागलो. आधी सगळं काम मी पोझिशनवर, म्हणजे अवजार एकाच उंचीवर धरून, करत होतो. ड्राफ्टवर फण घट्ट जागेत ओढला गेला की लिफ्ट आपोआप जरासा उचलते आणि अवजाराचं वजन मागच्या चाकांवर येतं. पुन्हा त्याच दोन खुंट्यांमध्ये मोजलं. सव्वा अकरा. शंभरात अकरा. टायरची नक्षी वळणापर्यंत स्वच्छ उमटलेली दिसली तेव्हा मी खाली उतरून ती हाताने चाचपून पाहिली. खूप दिवसांनी इतका आनंद झाला.

छोट्या ट्रॅक्टरला घोडे कमी पडत नाहीत, वजन कमी पडतं. माझं सगळं मत या एका वाक्यात आलं. घेताना आपण सगळे एचपीचा आकडा विचारतो. तू वजन किती, ते पुढे-मागे कसं वाटलंय, आणि पुढे वजनं टांगायला जागा आहे का, हे आधी विचार.

कारण मागे वजन आणलं की पुढचं हलकं होतं. पाणी भरल्यावर दुसऱ्याच दिवशी रोटाव्हेटर उचलून बांधाचा चढ चढत होतो. स्टिअरिंग वळवलं आणि ट्रॅक्टर वळलाच नाही. पुढची चाकं जमिनीला टेकली होती, पण नुसती टेकलेली. मी लगेच रोटाव्हेटर खाली घेतला आणि थांबलो. पोटात गोळा आला होता. ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, नाहीतर स्टिअरिंगला काही अर्थ उरत नाही. आता जड अवजार जोडलं की पुढे वजनं टांगतो, आणि चढावर अवजार जमिनीच्या जेमतेम वर ठेवतो.

मित्रा, रोलबारचं, म्हणजे ट्रॅक्टर उलटला तर आपल्याला वाचवणाऱ्या सीटजवळच्या लोखंडी कमानीचं, हे मी तुला हात धरून सांगतोय असं समज. अरुंद ट्रॅक्टर बाजूला कलंडायला फार वेळ घेत नाही. बागेत फांद्या लागतात म्हणून बार दुमडतात, ते ठीक आहे. पण मोकळ्यात आलास की पहिलं काम बार उभा करणं आणि पट्टा लावणं. बार उभा असेल तरच पट्टा, दुमडलेला असेल तेव्हा पट्टा नको, कारण मग उलटणाऱ्या ट्रॅक्टरला आपणच बांधलेले राहतो. तुझ्या उताराच्या तुकड्यात मी तुला बार पाडून चालवताना बघितलंय. ते बंद कर.

रोटाव्हेटर निवडताना रुंदी बघ. मागच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडा झाकल्या जातील इतका हवा, म्हणजे चाकोरी मागे उरत नाही. त्याहून रुंद घेतलास तर पीटीओवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर, मिनिटाला ५४० फेऱ्या देताना इंजिन रडतं. आणि पीटीओपासून अवजारापर्यंतचा, एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा शाफ्ट नवा आला की तसाच जोडू नकोस. माझा लांब होता. लिफ्ट हळूहळू हाताने वर-खाली करून बघितलं तर एका जागी दोन्ही नळ्या एकमेकींना पूर्ण भिडत होत्या. तसाच चालवला असता तर सगळा धक्का पीटीओच्या बेअरिंगवर गेला असता. दोन्ही नळ्या सारख्या कापून घेतल्या, कडा कानशीने घासल्या, ग्रीस लावलं. कापताना एवढं बघ की शाफ्ट जास्तीत जास्त लांब असतानाही एक तृतीयांश भाग एकमेकांत राहिला पाहिजे. वरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून ठेवायचा मोह होतो, ग्रीस मारताना ते आड येतं. तरी ते काढायचं नाही. सदऱ्याची बाही ओढली जायला निमिषही लागत नाही.

बाकीचं थोडक्यात. डिझेल रोटाव्हेटरवर तासाला तीन लिटरच्या आसपास, हलक्या कामाला दोनच्या आत. टाकी काठोकाठ भरून, काम करून, मापाच्या डब्याने परत भरून मोजलंय. संध्याकाळी टाकी भरून ठेवतो, रिकाम्या टाकीत रात्री दव धरतं आणि ते पाणी फिल्टरच्या वाटीत येतं. फोर व्हील शेतात सोन्यासारखं आहे, पण पक्क्या रस्त्यावर लगेच काढायचं. पुढची चाकं मुद्दाम किंचित जास्त वेगाने फिरवलेली असतात, मातीत ते जिरतं, डांबरावर टायर आणि गिअर खातं. गिअर सुरुवातीला घट्ट होते, आता बोटाने पडतात. सीट कडक आहे, तीन तासांनंतर कंबर बोलते. इंजिन अगदी मांडीजवळ असल्यामुळे आवाज सरळ कानावर येतो, म्हणून कानाचे मफ घेतले. डाव्या पुढच्या हबच्या सीलमधून ऑइल पाझरत होतं, चाळिसाव्या तासाला धूळ चिकटून काळा गोल दिसला तेव्हा कळलं. बदलून दिलं, पण तीन वेळा पाठपुरावा केल्यावर. रोज पुसत जा, पुसलेल्या लोखंडावरच गळती दिसते.

मोठा न घेतल्याचा पस्तावा आता उरलेला नाही. ओळींमधून एकही फांदी न मोडता जातो, वळणाला जेमतेम जागा लागते, आणि पावसानंतर मोठा ट्रॅक्टर जिथे जमीन दाबून ठेवतो तिथे हा दोन दिवस आधी जाऊ शकतो. खोल नांगरट मात्र याच्याकडून करून घेणार नाही. त्यासाठी वर्षातून एकदा मोठा भाड्याने आणेन.

तू ज्या दोन मॉडेलांत अडकला आहेस त्यांच्या लिफ्टच्या आकड्यांची तुलना करताना ते कुठे मोजलेत ते विचार. कुणी लोअर लिंकच्या, म्हणजे अवजार जोडायच्या खालच्या दांड्यांच्या, टोकाशी मोजलेले सांगतात, कुणी त्याच्या ६१० मिलिमीटर मागे. टोकाशी मोजलेला आकडा नेहमीच मोठा दिसतो, आणि अवजाराचं वजन तर मागेच असतं.

सही करायच्या आधी एक दिवस काढून ये. येताना तुझा कल्टिव्हेटर ट्रॉलीत घालून आण, तो माझ्या कल्टिव्हेटरपेक्षा जड आहे. खुंट्या मी अजून उपटलेल्या नाहीत. तू चालव, मी बांधावर उभा राहून फेऱ्या मोजतो.

तुझाच,
मित्र