अंगठ्याआधी कागद मराठीत वाचून दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटातली एक बाई रडतच माझ्या दारात आली. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, दुसऱ्याच्या शेतात भातलावणीला जाणारी. एका फायनान्स कंपनीकडून तिनं ४०,००० रुपयांचं कर्ज घेतलं होतं. खात्यावर जमा झाले ३६,८००. बाकीचे विमा आणि फी म्हणून आधीच कापलेले, हप्ता मात्र पूर्ण चाळीस हजारांवर. "मी विमा कधी मागितला ओ ताई? त्या पोरानं टॅब पुढं केला, इथं अंगठा लावा मावशी म्हणाला, लावला. ओटीपी आला, तो बी त्यालाच सांगितला."

तिच्या मोबाईलवर आलेली लिंक मी उघडली. अकरा पानं, सगळी इंग्रजीत. विम्याची ओळ सहाव्या पानावर, तीही एवढ्या बारीक अक्षरांत की बोटांनी मोठी करून वाचावी लागली. शेवटच्या पानावर एक वाक्य होतं. त्याचा अर्थ असा: वरील सर्व मजकूर मला समजणाऱ्या भाषेत समजावून सांगण्यात आला आहे आणि तो मला मान्य आहे. खाली तिच्या अंगठ्याची नोंद, तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ. हे वाक्य मी तिला मराठीत सांगितलं तेव्हा ती गप्पच झाली. आपल्याला काय सांगितलं गेलं, हेही तिच्या नावानं दुसऱ्यानंच लिहून टाकलं होतं.

ते वाक्य तिथं का आहे, हे नंतर कळलं. रिझर्व्ह बँकेनं १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात कर्जदाराला व्याज, फी, विमा, एकूण खर्च यांचा एक तक्ता आधी देणं बंधनकारक केलं. हा तक्ता कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावा, तो समजावून सांगावा आणि समजल्याची पोच घ्यावी, असं त्यात स्पष्ट आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या कर्जांना हा नियम लागू आहे. कंपनीनं त्यातली पोच तेवढी घेतली. भाषा आणि समजावणं वगळलं.

मी तिला घेऊन शाखेत गेले. तिथला माणूस उर्मट नव्हता, त्यानं पाणीसुद्धा दिलं. पण म्हणाला, "सिस्टीममध्ये दोनच भाषा आहेत, इंग्लिश आणि कन्नड. मराठीचं ऑप्शनच नाही." म्हणजे सिस्टीम बनवणाऱ्यांना बेळगाव, खानापूर, निपाणीत कोण राहतं हे माहीतच नाही. पण याच कंपनीची 'पाच मिनिटांत कर्ज मिळवा' ही जाहिरात माझ्या फोनवर स्वच्छ मराठीत येते. कर्ज द्यायला मराठी चालते, अटी सांगायला चालत नाही. आधारचं अ‍ॅप मराठीत आहे. पैसे पाठवायची अ‍ॅपं मराठीत आहेत. तेव्हा तंत्राची अडचण आहे, हे कुणी आम्हाला सांगू नये.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण आपल्या भागात भाषेचं नाव काढलं की लगेच दुसराच वाद उभा राहतो. कन्नडबद्दल माझ्या मनात अढी नाही. शनिवारच्या बाजारात मी निम्मं बोलणं कन्नडमध्येच करते, माझी मुलं कन्नड लिहितात-वाचतात. सीमाप्रश्नाचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचं व्हायचं ते होईल. पण दर आठवड्याला हप्ता भरणाऱ्या बाईनं कशावर अंगठा लावला हे तिला कळायला त्या निकालाची वाट कशाला बघायची?

रोजची बचत गोळा करणारा पिग्मीवाला दारात यायचा तेव्हा पुस्तकात आकडा लिहून आपल्यासमोर धरायचा. आकडा चुकला तर आपण तिथल्या तिथं बोलायचो. टॅबवर बघायला काही नसतंच, फक्त बोट टेकवायला एक चौकट असते.

आता कायद्याकडे येते. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं सांगितलं. तो खटला लढणारे के. एस. पुट्टस्वामी हे आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्यात आपल्या कामाची एक तरतूद आहे: कंपनी आपली माहिती घेण्याआधी जी सूचना देते आणि जी संमती मागते, ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय असली पाहिजे. अनुसूचीत २२ भाषा आहेत, मराठी त्यातली एक. राज्य कोणतं, जिल्हा कोणता, असली अट नाही. आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसांना इतका सरळ भाषेचा हक्क क्वचितच मिळालेला आहे.

पण हे कलम अजून कपाटात आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांना तयारीसाठी १८ महिने मिळाले. सरकारनं स्वतःसाठी तर वेगळीच दारं ठेवली आहेत. केंद्र सरकार अधिसूचना काढून आपल्या यंत्रणांना या कायद्यातून वगळू शकतं. अनुदान आणि सवलतींसाठी आधी दिलेली माहिती नव्यानं न विचारता वापरता येते. माहिती सांभाळण्यात कसूर केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो जमा होणार भारताच्या संचित निधीत. जिचं नुकसान झालं तिच्या हातात त्यातला रुपयाही पडत नाही. उलट तिनं खोटी तक्रार केली असं ठरलं तर तिलाच १०,००० रुपयांपर्यंत दंड! हे वाचून मला खरंच राग आला.

अंगठा ही किती जपायची गोष्ट आहे, हे आपल्या राज्यानं २०२३ मध्ये पाहिलं आहे. जमिनीच्या नोंदणीच्या दस्तांवरचे ठसे उचलून आधारवरून लोकांच्या खात्यांतले पैसे काढल्याचे प्रकार पोलिसांसमोर आले. त्यानंतर दस्तांवरचे ठसे झाकायची पावलं उचलली गेली. पासवर्ड बदलता येतो, बोट कसं बदलणार? आधारच्या अ‍ॅपमध्ये बोटांचे ठसे कुलूपबंद करायची सोय आहे, ती गटातल्या प्रत्येकीनं करून घ्यावी. काम असेल तेव्हा कुलूप उघडता येतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारनं सूक्ष्म कर्जाच्या जुलमी वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला, दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली, पुढं त्याचा कायदाही झाला. चांगलं केलं. पण रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या कंपन्यांना तो लागू नाही, आणि आमच्या गल्लीत टॅब घेऊन येतात ते बहुतेक तेच. म्हणून त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेचाच नियम धरावा लागेल. जिल्हाधिकाऱ्यांनी बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या जिल्हा बैठकीत एकच प्रश्न विचारावा: कर्जाचा तक्ता तुम्ही मराठीत देता का? देत असाल तर नमुना दाखवा. सरकारी कामांचे अर्ज भरून देणाऱ्या ग्राम वन केंद्रातही अर्ज भरताना कुठल्या चौकटीत खूण केली, ते समोरच्याला तिच्या भाषेत सांगावं.

आम्ही रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार पाठवली आहे, सोबत त्या अकरा पानांची प्रत जोडली आहे. गटाच्या बैठकीत ठराव लिहिला आहे की, मराठीत कागद हातात आल्याशिवाय कुणीही अंगठा लावायचा नाही आणि ओटीपी दुसऱ्याला सांगायचा नाही. मंगळवारी कंपनीचा माणूस वसुलीला येतो. ठरावाची एक प्रत त्याच्यासाठी काढून ठेवली आहे.

आपली,
बचत गटाची एक सचिव
येळ्ळूर, ता. जि. बेळगाव