अर्ज भरण्याआधी

स्टुटगार्ट

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायचं ठरवलं की बाबा "बरं, बरं" म्हणून फोन आईच्या हातात देतात. म्हणून सगळं लिहूनच कळवते.

जर्मनची बी-वन परीक्षा मी पास झाले. इथल्या नागरिकत्वाच्या अर्जाला एवढी भाषा यावीच लागते. वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, आणि प्रत्येकात 100 पैकी 60 गुण हवेत. पहिल्या खेपेला लिखाणात मला 54 पडले होते. तुम्हाला सांगितलं नाही, घरी येऊन रडले. राहिलेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो, म्हणून परत अभ्यासाला बसले. तेव्हा बाबा, तुमचा कॅलेंडरच्या पाठीमागचा तक्ता आठवला.

आपल्या जमिनीच्या उताऱ्यावर आजोबांच्या नावातला 'ळ' जाऊन 'ल' पडला होता. तो दुरुस्त करायला तुम्ही खानापूरला किती खेटे घातलेत! आपलं गाव कर्नाटकात, म्हणून कागद सगळे कन्नडात, आणि वाचून दाखवायला कुणाला सवड नाही. शेवटी चाळिशी उलटलेले तुम्ही धाकट्याचं कन्नडचं पहिलं पुस्तक मागून घेतलंत. वर आपला क, खाली त्यांचा क. "अगं, क्रम आपलाच आहे की, अक्षरं तेवढी गोल," असं मला म्हणाला होतात. पुढे एक दिवस तुम्ही उताऱ्यावरच्या त्या चुकलेल्या अक्षरावर स्वतः बोट ठेवलंत. नांगराने घट्टे पडलेलं ते बोट मला अजून दिसतं.

मीही तसाच तक्ता केला. जर्मनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगं आहेत, त्यामुळे तो-ती-ते कळायला जड गेलं नाही. पण त्यांचा सूर्य 'ती' आहे आणि चंद्र 'तो'! मग दारावर, खिडकीवर, कपाटावर चिठ्ठ्या चिकटवल्या. आदरार्थी बोलणंही आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखंच. दुसऱ्या खेपेला साहेबांना लिहायचं पत्र नीट जमलं, गुण 71.

आणि आई, बोलण्याच्या परीक्षेत तू कामी आलीस. जोडीदार मुलगी भराभर बोलायला लागली आणि माझं डोकंच बंद पडलं. तू बाजारात भाजीवालीला न लाजता "सावकाश हेळ्री" म्हणायचीस ना, तसंच मी तिला जर्मनमध्ये "जरा सावकाश सांगशील का" म्हटलं. ती थांबली, मग गाडी रुळावर आली. तुला कन्नड अक्षर एक येत नाही, पण भाव तू कधी जास्त दिला नाहीस.

यानंतर इथल्या कायद्याची आणि समाजाची एक परीक्षा आहे. 33 प्रश्न, 17 बरोबर यायला हवेत. सगळे प्रश्न आधीच छापून मिळतात, त्याची काळजी नाही.

काळजी दुसरीच आहे. 27 जून 2024 पासून जर्मनीने मुक्कामाची अट 8 वर्षांवरून 5 वर आणली, आणि आधीचं नागरिकत्व ठेवायलाही आता त्यांची हरकत नाही. पण आपला देश दोन नागरिकत्वं ठेवू देत नाही. मला भारतीय पासपोर्ट परत करावा लागेल. परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना देतात ते ओसीआय कार्ड मिळेल, त्यावर जन्मभर व्हिसाशिवाय येता येतं. मतदान मात्र करता येणार नाही.

बाबा, तुम्ही पहिला प्रश्न शेतीचा विचाराल. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने येते. आपली जमीन माझ्या वाट्याला आली तर नाव लागू शकतं.

पोरगी इथेच शाळेत जाणार. मी इथे कर भरते, पण तिच्या शाळेबद्दल, आमच्या गावाबद्दल ठरवायला मला मत नाही. ते मला हवंय. तरी पासपोर्ट हातात घेतला की पोटात कालवतं. त्यावर जन्मस्थान बेळगाव लिहिलंय.

तुमचा शब्द आल्याशिवाय मी अर्ज टाकणार नाही. रागावलात तर तसं सांगा, "बरं, बरं" म्हणू नका. रविवारी संध्याकाळी फोन करते, बाबांनीच घ्यावा.

तो तक्ता टाकू नका, दिवाळीला आले की नेणार आहे. आणि पहाणीची, म्हणजे त्या उताऱ्याची, नवी प्रत काढलीत की फोटो पाठवा. आजोबांचा 'ळ' जागेवर आहे ना, ते बघायचंय.

तुमची लेक